वैऱ्याच्या आईचा आकांत

इसवी सनापूर्वी 472 चा वसंत. अथेन्समध्ये अजून धड उजाडलेलं नाही, आणि तुम्ही अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, लाकडी बाकावर जागा धरून बसला आहात. दगडी पायऱ्यांचं ते देखणं नाट्यगृह फोटोंत पाहिलं असेल, तर ते विसरा. त्याला अजून शंभरावर वर्षं अवकाश आहे.

शेजारी एक पन्नाशीचा गृहस्थ येतो. काखेतली दबलेली उशी बाकावर टाकतो, तिच्यावर ऐसपैस बसतो. ती वल्हेकऱ्याची उशी. त्याच्या बोटांच्या मुळाशी पडलेले घट्टे पाहा, म्हणजे विचारावं लागणार नाही. साडेसात वर्षांपूर्वी सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार बुडालं, तेव्हा अथेन्सच्या एकेका युद्धनौकेवर 170 वल्हेकरी होते. त्यांतला हा एक.

आज नाट्यस्पर्धेत एस्किलसचं ‘पर्शियन्स’ आहे. कोरसचा खर्च उचललाय विशीतल्या पेरिक्लीसनं. विषय जोखमीचा. वीसेक वर्षांपूर्वी नाटककार फ्रिनिकसनं मिलेटस या ग्रीक शहराच्या पाडावावर नाटक केलं, तेव्हा सगळे प्रेक्षक ढसाढसा रडले, आणि आपल्याच माणसांचं दुःख उकरून काढलं म्हणून त्याला 1000 द्राख्मांचा दंड बसला. एस्किलसनं दुःखाचं घर बदललंय. त्याचं नाटक घडतं इराणच्या राजवाड्यापुढे.

दुहेरी पावा सुरू होतो. इराणी म्हाताऱ्यांचा कोरस आत येतो. मागून रथातून राजमाता; मुखवट्याआड अर्थातच पुरुष. जासूद सालामिसची बातमी सांगतो. पडलेल्या इराणी सरदारांची नावं एकामागून एक येत राहतात, ग्रीक नाव मात्र एकही नाही. पाण्यात पडलेल्यांना जाळ्यातल्या माशांसारखं मोडक्या वल्ह्यांनी ठेचलं, हे ऐकताच शेजारी तुम्हाला कोपरानं ढोसतो. “होतो मी तिथं!”

शत्रूविषयीच्या निखळ करुणेचं नाटक म्हणून याची तारीफ होते. अर्धीच खरी मानावी. निम्मी मजा विजयाचीच आहे, आणि लेखक काही त्रयस्थ नाही. तो स्वतः इराण्यांविरुद्ध मॅरेथॉनला लढला, त्याचा भाऊ तिथंच पडला.

पण आता राजमाता पुन्हा येतेय. रथ नाही, दागदागिने नाहीत. पायी. हातात नवऱ्याच्या थडग्यासाठी दूध, मध, झऱ्याचं पाणी, द्राक्षांची वारुणी. मघाशी कोपर मारणारा गप्प झालाय. त्याच्याकडे टक लावून पाहू नका, बरं दिसत नाही.

थडग्यातून तिच्या नवऱ्याचं, डरायसचं भूत उठतं आणि पोराला, राजा झर्क्सिसला बोल लावतं: यानं ग्रीकांच्या मूर्ती लुटल्या, देवळं जाळली. बाकांवरच्या काही माना मागे वळतात. तुम्हीही वळा. वर टेकडीवर, इराण्यांनी जाळलेल्या देवळांचे अवशेष आहेत. पार्थेनॉनचं काम सुरू व्हायला अजून पंचवीस वर्षं आहेत.

शेवटी झर्क्सिस येतो, फाटक्या वस्त्रांत, रिकामा भाता दाखवत. तो आणि कोरस छाती पिटत राहतात, किती तरी वेळ.

“फार लांबवलं,” शेजारी पुटपुटतो. पण उठत नाही. उशी पुन्हा नीट करून बसतो.

पहिलं बक्षीस एस्किलसलाच मिळालं. त्या स्पर्धेतली त्याची बाकीची तीन नाटकं हरवली. अख्खं हाती आलेलं सर्वांत जुनं ग्रीक नाटक आज हेच आहे.