थांब्याचे गाव आणि बॅटरीचे विमान

यंत्राला स्वतःबरोबर किती ऊर्जा वाहून नेता येते, यावर वाटेतल्या गावांचे नशीब ठरते. हुबळी-धारवाडचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास याच दृष्टीने वाचायला हवा. सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 साली स्थापन झाली, तिचे मुख्यालय धारवाडला आले आणि 1885 च्या सुमारास हुबळीत तिचा कारखाना उभा राहिला. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा लागे, राख काढावी लागे, इंजिन बदलावे लागे. त्यातून जंक्शन घडले आणि जंक्शनभोवती कामगारांचे शहर. पश्चिमेकडे मार्मागोव्याला उतरणाऱ्या मार्गावर कॅसलरॉक ते कुळे हा घाट आहे. तिथे 37 फुटांमागे 1 फूट चढ असल्यामुळे मालगाडीला आजही जादा इंजिने जोडावी लागतात. इंजिनाची ताकद जिथे अपुरी पडली तिथे माणसांना काम मिळाले. मात्र 1908 मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत विलीन झाली, मुख्यालय मद्रासला गेले आणि धारवाडची ती देखणी इमारत पुढे कर्नाटक कॉलेजला मिळाली. हुबळीचा कारखाना मात्र हलला नाही. मीटरगेज गेले, डिझेल आले, आता वीज आली, तरी लोखंड ओळखणारे हात तिथेच राहिले. माझ्या मते या शहराच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

विमानाचीही सुरुवात अशाच थांब्यांनी झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते मद्रासला घेऊन गेले. त्या छोट्या पस मॉथ विमानाने मुंबई-मद्रास अंतर एका दमात कापले नाही. मुक्काम बेल्लारीला पडला. हुबळीपासून हवाई अंतराने जेमतेम दोनशे किलोमीटरवरच्या या गावाला त्यामुळे देशाच्या विमान-नकाशावर जागा मिळाली. पुढे थांबा हैदराबादला गेला, विमानांच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि मधल्या गावांवरून विमाने न थांबता जाऊ लागली.

बॅटरीचे विमान ही जुनी वाट पुन्हा उघडू शकते, असे माझे म्हणणे आहे. ही कल्पनाही आजची नव्हे. हुबळीचा कारखाना उभा राहत होता त्याच सुमारास, 9 ऑगस्ट 1884 रोजी, रनार आणि क्रेब्स या फ्रेंच अधिकाऱ्यांचे 'ला फ्रान्स' हे वायुजहाज विजेच्या मोटरवर 8 किलोमीटर फिरून निघाल्या जागी परतले. त्याची बॅटरी चारशे किलोंहून जड होती. पंख असलेले, माणूस बसलेले विजेचे विमान 1973 मध्ये ऑस्ट्रियात निकेल-कॅडमियम बॅटरीवर उडाले, तेही काही मिनिटेच. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली. त्यानंतर 2020 मध्ये युरोपच्या नियामकांनी 'वेलिस इलेक्ट्रो' या विजेच्या विमानाला प्रथमच पूर्ण मान्यता दिली. हे विमान दोन आसनांचे, प्रशिक्षणापुरते आणि तासाच्या आतच उतरावे लागणारे आहे.

इतक्या वर्षांत एवढीच मजल, मग प्रवासी विमानाची भाषा कशाला, हा आक्षेप गंभीर आहे. एक किलो विमान-इंधनात सुमारे 12 किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर एक किलो चांगल्या लिथियम सेलमध्ये पाव किलोवॅट-तासाच्या आसपास. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते, हे धरले तरी तफावत दहापटींहून मोठीच राहते. शिवाय इंधन जळते तसे विमान हलके होते. बॅटरी जितकी जड चढते तितकीच जड उतरते. त्यात ऐनवेळी दुसरीकडे वळण्यासाठी राखीव ऊर्जा ठेवावीच लागते. हुबळी ते गोव्याचा दाबोळी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 135 किलोमीटर, म्हणजे छोट्या विमानाला अर्ध्या-पाऊण तासाचे. अर्ध्या तासाची राखीव ऊर्जा धरली की बॅटरी जवळपास दुप्पट लागते. आगीचा धोका वेगळाच. जानेवारी 2013 मध्ये बॅटरी पेटल्यामुळे जगभरातली बोइंग 787 विमाने जमिनीवर ठेवावी लागली होती. म्हणून मुंबई-दिल्लीची स्वप्ने आज कोणी दाखवू नयेत. पण याच हिशेबातून दोनशे किलोमीटरच्या आतला टप्पा वेगळा निघतो. हुबळीहून गोवा आणि कोल्हापूर दोन्ही त्यात बसतात.

दुसरा आक्षेप, एवढ्या अंतराला रस्ता आणि रेल्वे पुरेशी आहेच. बेळगावच्या बाबतीत मी तो मान्य करतो. तिथे विमान नकोच. गोव्याच्या वाटेवर मात्र घाट आडवा येतो. आणि अशा मार्गांना मागणी नाही असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरने 25 जानेवारी 2019 रोजी आपली सेवा सुरू केली ती हुबळीहूनच, पन्नास आसनी जेट घेऊन. अडचण खर्चाची आहे. प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या उडान योजनेचे अनुदान काही वर्षांचेच असते आणि ते संपले की छोटे मार्ग डळमळतात. इंधनाच्या जागी वीज आली तर हा हिशेब बदलू शकेल. अर्थात बॅटरी बदलण्याचा खर्च आवाक्यात राहिला तरच.

धारवाडला लिथियम सेलचा मोठा कारखाना येणार, असे केंद्राच्या 2021 च्या प्रोत्साहन योजनेनंतर जाहीर झाले. तो वेळापत्रकाच्या मागे पडला. 1908 चा अनुभव पाहता याने खचण्याचे कारण नाही, पण त्याच्याच भरवशावर बसणेही चूक ठरेल. कंपन्या येतात आणि जातात. या शहरांकडे टिकले ते दुरुस्तीचे कसब. धारवाडच्या टाटांच्या कारखान्यात विजेच्या बस बनतात, हुबळीच्या विद्यानगरला 1947 पासूनची अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आहे, 2016 पासून धारवाडला आयआयटी आहे. बॅटरी उघडणे, तपासणे, तिचे उरलेले आयुष्य मोजणे आणि ती सुरक्षित ठेवणे हे काम विमानाची वाट न पाहता बसच्या बॅटरीवर शिकता येते. रेल्वे कारखान्याने ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या कारागीर घडवले, तिथल्या संस्थांनी हे शिक्षण याच वर्षी सुरू करावे.