आसन कोणाचे?

वाशीमचे कॅथलिक अमरावतीच्या बिशपांच्या धर्मप्रांतात मोडतात. बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलचे नावच ‘से’ आहे. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ आसन. १५६२ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १६१९ पर्यंत चालले. आतील वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ साल उजाडले. जांभा दगड, त्यावर चुन्याचा गिलावा, लांबी सुमारे २५० फूट. बाहेरून साधी टस्कन शैली, आत नक्षीदार कॉरिंथियन स्तंभ. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा उभा राहिला नाही.

मनोरा पडला, जातीची उतरंड मात्र पडली नाही. बाप्तिस्म्याने देव बदलला, पण गोव्यातील अनेक गावांत चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे धर्मबंधूंची मंडळे, ब्राह्मण व चार्दो ख्रिस्तींच्याच हाती राहिल्या. शूद्र आणि महार ख्रिस्ती बंधू असूनही बाहेरच.

इकडे राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींतून वगळले. बौद्धांना हा हक्क १९९० साली मिळाला. त्याला तो आजही नाही. चर्चमध्ये त्याची जात दिसते, कायद्याला ती दिसत नाही. मग त्याने बसावे कोठे? आसनाच्या नावाने उभ्या असलेल्या या वास्तूला आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे.