हॉस्पिटलमधल्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं पुरावा म्हणून कसं वाचायचं?

'हॉस्पिटलमधली कार्यसंस्कृती' हा विषय घेतला की पहिला प्रश्न येतो डेटाचा. हल्ली एक सोपा मार्ग दिसतो. नोकरी केलेल्यांनी किंवा सोडलेल्यांनी ऑनलाइन लिहिलेले अभिप्राय गोळा करायचे, स्टार मोजायचे, 'पगार', 'ड्युटी', 'मॅनेजमेंट' हे शब्द किती वेळा आले ते मोजायचं, झाला तक्ता! मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे तक्ता दिसला की मलाही बरं वाटतं. पण त्याआधी एक काम करावं लागतं: हे बोलतंय कोण, कुणाला उद्देशून आणि कधी, ते तपासायचं. हे शिकायला इतिहासासारखी दुसरी जागा नाही. आपण मुंबईतल्या एका हॉस्पिटलपासून सुरुवात करू.

परळचं केईएम हॉस्पिटल १९२६ साली सुरू झालं. तिथल्या तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच हॉस्पिटलमधल्या एका सफाई कामगाराने हल्ला केला. ड्युटी संपल्यावर त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळल्यामुळे मेंदूला होणारा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. आरोपीला शिक्षा झाली ती मारहाण आणि लूट यासाठी, सात-सात वर्षांची, दोन्ही एकत्र भोगायची. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही.

आता संशोधक म्हणून थांबून बघा. तुम्ही फक्त कोर्टाची कागदपत्रं वाचलीत तर १९७३ च्या केईएममध्ये एक लूट झाली, एवढंच हाती लागेल. त्या कागदात परिचारिकांचं म्हणणं नाही. ते सापडतं दुसरीकडे, संपात. घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणा यांची नीट काळजी घेतली जावी आणि आमच्या कामाची परिस्थिती सुधारावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने अरुणा यांना तिथून हलवून खाट मोकळी करायचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी पुन्हा विरोध केला आणि तो बेत बारगळला.

मग येतं २०११. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने दयामरणासाठी याचिका केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली, पण त्याच निकालात कडक अटींसह निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली. या खटल्यात केईएमच्या डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांची निवेदनं न्यायालयापुढे आली: अरुणा आमच्या आहेत, आम्ही त्यांना सांभाळू. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर झाले नव्हते, याची न्यायालयाने दखल घेतली. निर्णय घेण्याच्या दृष्टीने त्यांचे जवळचे कोण, तर केईएमचे कर्मचारी, असंही न्यायालयाने मानलं. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेल्या, तोवर सिस्टरांच्या कितीतरी बॅचेसनी त्यांची सेवा केली होती.

म्हणजे एकाच हॉस्पिटलबद्दल कर्मचाऱ्यांची दोन म्हणणी आपल्यापुढे आहेत. संपातलं म्हणणं सांगतं की इथे आम्ही सुरक्षित नाही. निवेदनातलं म्हणणं सांगतं की इथे आम्ही एकमेकींना सोडत नाही. यातलं खरं कोणतं? दोन्ही. पण दोघांची सरासरी काढलीत तर हाती काहीच लागणार नाही. संप महापालिकेला उद्देशून होता. निवेदनं न्यायालयाला उद्देशून होती आणि प्रश्नही एकच होता: अरुणा यांनी जगावं की नाही? नाइट ड्युटीला जिन्यात दिवा आहे का, कपडे बदलायला धड खोली आहे का, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं नाही म्हणून उत्तर आलं नाही. त्यावरून 'तक्रार नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरं उदाहरण लंडनचं. इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंनी तिथल्या एका मोठ्या शिकाऊ हॉस्पिटलमधल्या परिचारिकांचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला. प्रशिक्षणार्थी परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणी अभ्यासक्रम अर्धवट सोडून जात होत्या. मेंझिस यांनी मुलाखती घेतल्या, पण केवळ तक्रारींची यादी केली नाही. रोजचं काम कसं चालतं ते त्यांनी पाहिलं. पेशंटचा उल्लेख नावाने न होता खाट नंबर किंवा आजाराने होई. मुलींना सारखं या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवत. साधा निर्णयही वरच्याकडे ढकलला जाई. त्यांचं म्हणणं असं, की मरण आणि वेदना रोज बघताना येणारी भीती दूर ठेवण्यासाठी संस्थेनेच या सवयी लावल्या होत्या. पण त्यामुळे भीती कमी झाली नाही, उलट माणसं निघून गेली. तुमच्यासाठी यातला धडा असा: 'काम कंटाळवाणं आहे' या वाक्यामागे पगार नसेलही, नियमच असा असेल की माणसाला पेशंटच्या जवळ जाऊ देत नाही.

सोडून जाणाऱ्यांवरून आठवलं. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. आणि यातली कोणती निवडायची हे निष्ठेवरही ठरतं. केईएमच्या सिस्टरांनी आवाज उठवला आणि त्या राहिल्या. लंडनच्या मुली निघून गेल्या. आजचा ऑनलाइन अभिप्राय अनेकदा या दोन्हींच्या मधला असतो, म्हणजे बाहेर पडल्यावर उठवलेला आवाज. तो बिनधास्त असतो कारण आता मेमोची भीती नसते. पण जी मावशी किंवा वॉर्डबॉय कंत्राटावर आहे आणि तिथेच राहणार आहे, तिचा-त्याचा आवाज त्यात बहुधा नसतो.

आणि जिथे आवाज मोजला गेला, तिथे काय दिसलं? निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असं केंद्र सरकारने १९९२ मध्ये सांगितलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने ऑनलाइन सर्वेक्षण केलं. त्यात उत्तर देणाऱ्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४५ टक्के जणांनी आठवड्याला ६० तासांहून जास्त काम असल्याचं सांगितलं. ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं त्यांनीच दिलं, हा दोष इथेही आहेच. तरी या आकड्याला वजन आहे, कारण तो ताडून बघायला लेखी नियम शेजारी आहे. नुसता 'वर्कलोड फार आहे' हा अभिप्राय आणि नियमाशेजारी ठेवलेला आकडा, यातला फरक लक्षात घ्या.

आता समजा, तुम्हाला इथे रत्नागिरीतच काम करायचं आहे. सिव्हिल आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, शिवाय नवीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अभिप्राय गोळा करा, जरूर करा. पण त्यांच्या शेजारी ड्युटी रोस्टर ठेवा, संघटनांची निवेदनं ठेवा, मंजूर आणि रिक्त पदांचे आकडे माहिती अधिकारातून मागा. नव्या कॉलेजबद्दलचे अभिप्राय थोडे असतील, तर त्यांवर टक्केवारी काढू नका; एकेक वाचा.

प्रत्येक अभिप्रायासमोर वहीत तीन रकाने आखा. हे कुणाला उद्देशून लिहिलंय? लिहिणारा अजून तिथे आहे का? आणि या हॉस्पिटलमधल्या कोणत्या माणसाचा आवाज माझ्याकडे अजून आलेलाच नाही? तिसरा रकाना बहुतेक वेळा सगळ्यात लांब होतो. तुमच्या मुलाखतींची यादी तिथूनच तयार करा. गाइडने 'सॅम्पल असं का निवडलं?' असं विचारलं की दाखवायला तीच उपयोगी पडेल.