खुर्शीदबाईंचा वाद्यमेळ

आमच्या भिंगारला 'कंडक्टर' म्हटलं की खांद्याला चामडी पिशवी अडकवलेला एस.टी.तला माणूस आठवतो. गाव छावणीचं, त्यामुळे लष्करी बँडपुढे उभा राहून हात हलवणारा बँडमास्तरही आम्हाला परका नाही. माझ्या लहानपणी दोन्हीकडे पुरुषच दिसायचे. वादकांच्या ताफ्यापुढे बाई उभी राहिलेली काही मी पाहिली नव्हती.

तिकडे युरोपातही फारसं वेगळं नव्हतं. अँटोनिया ब्रिको या बाईंनी १९३० साली बर्लिनच्या नामवंत वाद्यवृंदाचं संचालन केलं, त्याची केवढी तरी बातमी झाली. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाने तर बाईला सभासद करून घ्यायला १९९७ साल उजाडू दिलं! मात्र ब्रिकोबाईंच्याच काळात आपल्या मुंबईत एक पारशी मुलगी वाद्यमेळ चालवत होती. तिचं नाव खुर्शीद मिनोचेर होमजी. मेहेराबाद शेजारी असल्याने पारशी नावं आपल्या नगरकरांच्या कानाला नवी नाहीत, पण हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. तुम्ही त्यांना ऐकलं असेल ते 'सरस्वती देवी' म्हणून.

१९१२ चा त्यांचा जन्म. संगीताची तालीम थेट पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ सुरू झाला आणि खुर्शीद व त्यांची बहीण माणेक 'होमजी सिस्टर्स' म्हणून तिथे कार्यक्रम करू लागल्या. हार्मोनियम, सतार, दिलरुबा, ऑर्गन, मेंडोलिन असा त्यांचा मेळ असे. रेडिओवर चेहरा दिसत नाही, ही त्या दिवसांत केवढी सोय होती! पुढे काय झालं ते ऐकलंत की माझं म्हणणं पटेल.

हिमांशु रॉय यांनी १९३४ मध्ये मालाडला 'बॉम्बे टॉकीज' उभी केली आणि संगीतासाठी खुर्शीदबाईंना बोलावलं. माणेकला अभिनयाला घेतलं. पारशी घरच्या मुली सिनेमात जाणार म्हटल्यावर समाजातून मोठा विरोध झाला. १९३५ साली 'जवानी की हवा' झळकला तेव्हा चित्रपटगृहापाशी पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. मग खुर्शीदच्या झाल्या सरस्वती देवी आणि माणेकची चंद्रप्रभा. काम करायचं तर नाव टाकून द्या, असाच तो सौदा होता. दोघी बहिणी मात्र मागे हटल्या नाहीत.

आणि योगायोग पाहा. त्याच १९३५ मध्ये, त्याच मुंबईत, त्याच समाजातले मेहली मेहता 'बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करत होते. पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला, झुबिन. तो जगभर गाजला, आणि पारशी समाजाला त्याचा सार्थ अभिमान वाटला.

सरस्वती देवींना पहिली स्त्री संगीतकार म्हणण्याची पद्धत आहे. ते तितकंसं बरोबर नाही. बिब्बो आणि जद्दनबाई यांनीही त्याच सुमारास चित्रपटांना संगीत दिलं होतं. पण एका मोठ्या संस्थेच्या संगीत विभागाची धुरा वर्षानुवर्षं सांभाळणं ही गोष्ट निराळी. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गाणार आणि वादक चौकटीबाहेर, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसून वाजवणार. एक चुकला की सगळं पुन्हा! त्यात गाणारे कोण, तर अशोक कुमार आणि देविका राणी. दोघांचाही गळा तयारीचा नव्हता. ध्रुपद-धमार शिकलेल्या बाईंनी मग त्यांना झेपतील अशा चार-पाच सुरांत फिरणाऱ्या चाली बांधल्या. १९३६ च्या 'अछूत कन्या'मधलं त्या दोघांचं पाखरांचं गाणं आठवा. शाळकरी पोरालाही म्हणता येईल इतकं ते सोपं आहे. माझ्या मते बाईंची विद्या दिसते ती तिथे. एकदा चंद्रप्रभाचा घसा बसला तेव्हा बहिणीच्या ओठांना त्यांनी स्वतःचा आवाज दिला. ते पार्श्वगायनच की!

व्हायोलिन वाजवणारे एस. एन. त्रिपाठी त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे स्वतः संगीतकार म्हणून नावारूपाला आले. आपल्या लीला चिटणीसांच्या 'कंगन' (१९३९), 'बंधन' आणि 'झूला' या चित्रपटांच्या संगीतातही सरस्वती देवी होत्या. 'बंधन'मधलं कवी प्रदीप यांचं कूचगीत तर मुलांच्या प्रभातफेऱ्यांपर्यंत पोहोचलं.

नंतर त्या सोहराब मोदींच्या 'मिनर्व्हा'कडे गेल्या, १९४३ चा 'पृथ्वी वल्लभ' केला. चाळीसचं दशक सरता सरता त्यांचं चित्रपटातलं काम थांबलं. १९८० मध्ये त्या गेल्या.

'पडोसन'मधली किशोर कुमार आणि मन्ना डे यांची जुगलबंदी आजही लग्नाच्या वाद्यवृंदांत हमखास होते. १९६८ चा तो चित्रपट, संगीत राहुल देव बर्मन. पण त्या गाण्याचा मुखडा मूळचा १९४१ च्या 'झूला'मधला, अशोक कुमार यांनी गायलेला. अलीकडेच आमच्या भिंगारला एका वरातीत ते वाजलं. बँडवाल्याला मी विचारलं, "हे कुणाचं रे?" तो म्हणाला, "काका, किशोरदांचं."