हिशेब कोणाच्या हातात?

आज आपण जर्मनीच्या एका टेनिसपटूची गोष्ट ऐकू या. तिचं नाव स्टेफी ग्राफ. १९९९ साली तिनं खेळ सोडला, पण तिचे जुने सामने लोक आजही मोबाइलवर हौसेनं पाहतात. त्यातला एक छोटा व्हिडिओ तर फारच आवडीचा. १९९६ साली लंडनला विम्बल्डनचा उपांत्य सामना चालला होता. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "स्टेफी, माझ्याशी लग्न करशील का?" तिनं तिथल्या तिथे विचारलं, "तुझ्याकडे पैसे किती आहेत?" सगळं मैदान खो खो हसलं.

पण त्याच दिवसांत तिचे वडील तुरुंगात होते, आणि तेही तिच्याच कमाईच्या हिशेबापायी.

स्टेफीचा जन्म १९६९चा. वडिलांनी, पीटर ग्राफ यांनी, अगदी लहानपणीच तिच्या हातात रॅकेट दिली. तेराव्या वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली. १९८८ साली तिनं चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि सेऊलच्या ऑलिंपिकचं सुवर्णपदकही मिळवलं. एकाच वर्षात ही पाचही विजेतेपदं एकेरीत मिळवणारी ती पहिलीच खेळाडू. पुढे मोठ्या स्पर्धांची तिची विजेतेपदं २२ झाली आणि एकूण ३७७ आठवडे ती जगात पहिली राहिली.

खेळायचं तिनं आणि पैसा सांभाळायचा वडिलांनी, अशी घरातली वाटणी होती. १९९५ साली कर चुकवल्याच्या आरोपावरून वडिलांना अटक झाली. १९९७ साली मानहाइमच्या न्यायालयानं त्यांना पावणेचार वर्षांची शिक्षा सुनावली. चौकशी स्टेफीचीही झाली, कारण कमाई तिच्या नावावर होती. तिच्यावरचं प्रकरण पुढे बंद झालं. पण त्या काळात सामना जिंकून आली तरी पत्रकार तिला वडिलांबद्दल विचारायचे. तशातही १९९६चं विम्बल्डन तिनं जिंकलंच.

मैत्रिणींनो, एवढी जगप्रसिद्ध बाई, तरी हिशेब दुसऱ्याच्या हाती होता. मग आपलं काय? गटाचं कर्ज आपल्या नावावर, सही आपली, आणि पैसे गेले कुठे हे विचारलं की, "ते ह्यांना ठाऊक!" असं उत्तर आपण किती बैठकांत ऐकतो! घरच्या माणसांवर विश्वास जरूर ठेवावा. पण हप्ता थकला की बँक ज्याची सही त्यालाच विचारते.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं पासबुक आणायचं. शेवटची नोंद कशाची आहे, शिल्लक किती, कर्ज किती राहिलं, हे स्वतः वाचून सांगायचं. जिला वाचता येत नाही, तिच्या शेजारी आपण बसू आणि एकेक आकडा लावून देऊ.