बोलावण्याची यादी

भगिनींनो, मंडळाचा वर्धापनदिन आला की पहिले काम असते ते यादीचे. सतरंज्या, चहा, फराळ हे सगळे नंतर. आधी वही उघडायची आणि कोणाकोणाला बोलवायचे ते लिहायचे. हे काम आपण किरकोळ समजतो. ‘नावे तर लिहायची, त्यात काय एवढे?’ असे म्हणतो. पण यादीत कोण बसले आणि कोण सुटले यावरून आपल्याकडे केवढे इतिहास घडले आहेत, ते वाचनालयातली पुस्तके चाळताना माझ्या ध्यानात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तरी जे वाचले आणि समजले ते सांगते.

पहिली गोष्ट 1852 सालची, पुण्याची. सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळ चालवले होते. त्या वर्षी जानेवारीत मंडळाने तिळगुळाचा समारंभ ठरवला. अध्यक्षस्थानी कलेक्टर जोन्ससाहेबांच्या पत्नी होत्या. आमंत्रणात असे स्पष्ट कळवले होते की, कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी सर्वांना एकाच जाजमावर बसवण्यात येईल आणि हळदीकुंकू व तिळगूळ सर्वांना सारखा मिळेल. त्या काळी सावली पडली तरी विटाळ मानत. अशा वेळी बसायचे कुठे हे बोलावण्यातच सांगून टाकणे केवढे धैर्याचे! येणारीच्या मनात धाकधूक नको, हा त्यातला विचार मला फार मोठा वाटतो.

दुसरी गोष्टही पुण्याचीच, पण उलट्या तऱ्हेची. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातील बरीच मोठी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले त्यात होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. नावे छापून येताच गावात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, आणि शेवटी 1892 मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. कपभर चहा तो काय! पण नावांची यादी बाहेर पडली आणि घरोघरचे सोयरसंबंध अडले.

आता आपल्या नागपूरचे सांगते. डिसेंबर 1937 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन येथे भरले. दलित मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी यांना बोलावणे होते. त्या गेल्या. पण जेवणाच्या वेळी त्यांना व त्यांच्या सोबतिणींना वेगळे बसवण्यात आले. म्हणजे यादीत नाव होते, पंगतीत जागा नव्हती. हा अपमान बायकांनी गिळला नाही. 1938 उजाडताच नागपुरात त्यांनी सभा घेऊन निषेध केला. पुढे 20 जुलै 1942 रोजी याच शहरात दलित महिलांची स्वतःची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भाषण केले. सुमारे 25,000 बायका आल्या होत्या. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, एका पुरुषाने अनेक बायका करू नयेत, गिरणीतल्या बायकांना रजा मिळावी, असे ठराव तेथे झाले. ज्यांना दुसऱ्यांच्या पंगतीत जागा मिळाली नाही, त्यांनी आपला मांडव घातला आणि तो भरून दाखवला.

हे सगळे जुने झाले असे म्हणून चालणार नाही. आपल्या हळदीकुंकवाच्या यादीकडेच पाहा. सुनेचे नाव असते, त्याच घरातल्या विधवा सासूबाईंचे नसते. कोणी म्हणते, ‘त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलवत नाही.’ पण बोलावले म्हणून वाईट वाटलेली बाई मी तरी पाहिली नाही. वगळले म्हणून मात्र पुष्कळ जणी आत जाऊन बसतात. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद केल्या. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी तसेच करावे असे पत्रक काढले. एक गाव करू शकते, तर एक मंडळ का नाही?

आपला सदर भाग तर पहिल्यापासून मिसळीचा. एका गल्लीत मराठी, हिंदी, सिंधी, ख्रिस्ती, मुसलमान अशी घरे आहेत. येथे यादी करायची तर माझी सूचना अशी. यादी ओळखीने करू नये, घरवार करावी. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही दार सोडू नये. प्रत्येक घरातल्या सर्व बायकांची नावे लिहावीत, मग ती सवाष्ण असो, विधवा असो, अविवाहित असो किंवा नवऱ्याने टाकलेली असो. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे नाव त्याच वहीत, त्याच शाईने असावे. बोलावणे सर्वांना एकाच रीतीने द्यावे. एकीकडे दोघींनी जाऊन आग्रह करायचा आणि दुसरीला पोराच्या हाती निरोप धाडायचा, असे नको. आणि आल्यावर सतरंजी एकच असावी.

जागा अपुरी पडेल, फराळ पुरणार नाही, ही चिंता खरी आहे. मग चिवडा थोडा थोडा द्यावा आणि लाडू लहान वळावेत. पदार्थ कमी केला तर कोणी मनाला लावून घेत नाही. नाव कमी केले तर ती बाई जन्मभर विसरत नाही.