डुक्कर फियाटचा उंबरठा

नरडाण्याला आमच्या खळ्यात आजोबांची फियाट बावीस वर्षं उभी होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या आणि मुंबई-आग्रा रोडवरचे ओळखीचे ट्रकवाले थांबून विचारायचे, "विकायची का?" वडील दर वेळी नाही म्हणायचे, पण गाडीला हातही लावायचे नाहीत. गेल्या वर्षी वर्क फ्रॉम होमवर गावी होतो, तेव्हा मी ठरवलं की ही गाडी पुन्हा उभी करायची. इंजिनाची भीती होती, पण ते दोन महिन्यांत सुरू झालं. मला रडवलं ते दारांनी.

आधी ही गाडी काय आहे ते सांगतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात बनवायच्या होत्या. मोटारीसाठी त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. मग सरकारने धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा उरली नाही, आणि 1928 पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्सही निघून गेली. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला होता. फियाटने 1953 मध्ये '1100-103' ही नवी गाडी आणली आणि 1954 पासून ती कुर्ल्यात बनू लागली. वालचंद मात्र 1953 मध्येच गेले होते.

गाडीचं फुगीर नाक बघून लोकांनी तिला नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. 1964 मध्ये तिची जागा 'डिलाईट'ने घेतली आणि तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, त्याचे रील्स तुम्ही पाहिले असतील. आमची डुक्कर म्हणजे तिची आजी.

या आजीच्या दोन गोष्टी वेगळ्या. पहिली म्हणजे तिचं पुढचं दार उलटं उघडतं. आजच्या गाडीत पुढच्या दाराची बिजागरी समोरच्या बाजूला असते. डुक्करमध्ये ती मधल्या खांबावर आहे आणि मागच्या दाराचीही त्याच खांबावर. एका खांबावर दोन दारं, जुन्या वाड्याच्या दरवाजासारखी. चढ-उताराला हे सोयीचं, पण चालत्या गाडीत कुलूप निसटलं तर वारा दार उपटून मागे फेकतो. म्हणून जगभरच्या कंपन्यांनी हळूहळू ही पद्धत सोडली. पद्मिनीचं पुढचं दार आपल्या ओळखीच्या पद्धतीने उघडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हिला वेगळी चासी नाही. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत खाली लोखंडी चासी आणि वर बोल्टने बसवलेली बॉडी असायची. ती बॉडीसुद्धा कित्येकदा लाकडी सांगाड्यावर पत्रा मढवून केलेली. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावलेल्या पहिल्या एसटीची बॉडीही लाकडीच होती. अशा गाडीचं दार वाकडं झालं, तर चासी आणि बॉडीच्या मध्ये पत्र्याच्या चकत्या घालून बॉडी उचलता येते. पुढच्या खांबाखाली चकती घातली की दाराची चौकट वरच्या बाजूने आवळते, काढली की सैल पडते. डुक्करमध्ये बॉडी हीच चासी. दारांखालचा पेटीसारखा उंबरठा सगळं वजन तोलतो, मधला खांब त्या उंबरठ्यावर उभा असतो आणि त्या खांबावर दोन दारं लटकतात.

आमच्या गाडीचा नेमका उंबरठाच गंजून चाळण झाला होता.

मी इंजिनियर. व्हिडिओ पाहिले, यादी केली. दारं उतरवून रंग खरवडायला पाठवली, गाडी पुढेमागे चार स्टँडवर चढवली आणि वेल्डरला सांगितलं, डावा उंबरठा काप. नवा बसवला, पूर्ण वेल्डिंग केलं. तीन आठवड्यांनी दारं परत आली. टांगली, तर दोन्ही कुलपं खाचेच्या सहा मिलिमीटर खाली. टोकांना दाराची खालची कड उंबरठ्यावर घासत होती. उचलून लावलं तरच दार लागायचं.

बिजागऱ्या वाकवून बघाव्यात म्हणून मी पहार घेतली. तेवढ्यात हायवेवरच्या गॅरेजमधले म्हातारे डेंटर नाना चक्कर मारायला आले. "काय करी राह्यना भाऊ तू?" त्यांनी पहार काढून घेतली आणि दोन दारांमधल्या खांबाकडे बोट दाखवलं. "दार बरोबर आहे. खांब बसलाय."

त्यांचं बरोबर होतं. गाडी दोन टोकांवर उभी असताना मी मधला उंबरठा कापला. मधे आधार नव्हता, खांब आपल्या वजनाने खाली आला आणि मी त्याला त्याच जागी वेल्ड करून टाकलं. चूक माझी होती आणि ती मी पक्कीही केली होती.

मग नानांनी काम उलट्या क्रमाने केलं. वेल्डिंग कापून काढलं. दारं आधी टांगली. खांबाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक एकेक खूण वर घेतला. कुलपाची खाच काढून ठेवली, कारण खाच दाराला उचलून धरते आणि खोट लपवते. आधी मागचं दार, कारण त्याच्या मागचा पत्रा बॉडीचाच, हलत नाही. मग पुढचं दार. पुढचा मडगार्ड बोल्टवर असतो, म्हणून तो शेवटी. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून, लोखंडी अँगल आतून आडवे जोडले. त्यानंतर उंबरठ्याला नुसते टाके मारले, प्रत्येक टाक्यानंतर दार लावून पाहिलं, कारण वेल्डिंगची उष्णता पत्रा ओढते. उजवी बाजू त्यांनी डावी पूर्ण होईपर्यंत कापू दिली नाही.

इथून जवळचं सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. नाना पोरवयात तिथे तांबटांच्या हाताखाली होते. पत्रा कुठे ताणलाय ते डोळे मिटून तळव्याने सांगतात. त्यांची दोन्ही मुलं नाशिकला कंपनीत आहेत. गॅरेजात आता बंपर बदलायचं काम येतं, पत्रा ठोकायचं फारसं येत नाही.

2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, मोठे फेरबदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. कुर्ल्यातून निघताना होती तशी चौकट परत आणणं म्हणूनही गरजेचं होतं. पण चौकट कशी परत आणायची हे त्या नियमात नाही. ते नानांच्या तळव्यात आहे आणि आता थोडंफार माझ्या फोनमध्ये, कर्णांच्या आकड्यांच्या रूपात.

डाव्या मागच्या दाराची फट अजून एक मिलिमीटर जास्त आहे. मी म्हटलं, लांबी भरून झाकू. नाना म्हणाले, "राहू दे. पुढच्या वेळी आधी दार टांगशील."

परवा वडिलांनी बावीस वर्षांनी ते दार लावलं, एका हाताने. मग पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावून पाहिलं.